श्वासावाटे घ्यावयाच्या औषधांचे देयक-संकेतांक

श्वासावाटे घ्यावयाच्या औषधांचे देयक-संकेतांक म्हणजे दीर्घकालीन फुप्फुसविकारांवर पंप, भुकटीची कॅप्सूल किंवा नेब्युलायझर यांतून दिले जाणारे औषध, ते देण्याची सेवा आणि ज्या रोगासाठी ते दिले त्याचे निदान यांची रुग्णालयाच्या किंवा विम्याच्या देयकावर नोंद करण्यासाठी वापरली जाणारी अक्षरे व अंक यांची चिन्हे होत. अमेरिकेत नेब्युलायझरमधून दिल्या जाणाऱ्या औषधाच्या मिलिग्रॅममिलिग्रॅमला असा संकेतांक आहे. भारतातील शासकीय आरोग्य योजनांमध्ये मात्र संकेतांक असतो तो रुग्णाला दाखल करून घेण्याला. घरी रोज ओढावयाच्या औषधाला तो नसतो. परिणामी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगडसारख्या तालुक्यात श्वास कोंडून अत्यवस्थ झालेल्या रुग्णाचा अतिदक्षता विभागातील खर्च योजनेतून भागू शकतो. तो प्रसंग टाळू शकणारा पंप मात्र सरकारी दवाखान्यात शिल्लक असेल तर विनामूल्य मिळतो, नसेल तर खिशातून घ्यावा लागतो.

रोग आणि औषधे

या संकेतांकांचा संबंध मुख्यतः दोन रोगांशी येतो: दमा आणि दीर्घकालीन अडथळाजन्य फुप्फुसविकार, म्हणजेच सीओपीडी. दम्यात श्वासनलिका आकुंचन पावतात व उपचाराने बहुधा पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीतील अडथळा पूर्णपणे भरून येत नाही. सन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार २०१६ साली भारतात सीओपीडीचे सुमारे ५.५३ कोटी आणि दम्याचे सुमारे ३.७९ कोटी रुग्ण होते, आणि देशातील एकूण मृत्यूंपैकी १०.९ टक्के मृत्यू दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे झाले होते. सीओपीडी हा केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा रोग नाही, चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या स्त्रियांनाही तो होतो, या मुद्द्याकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधण्यात पूर्वी पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी पीटर बार्न्स यांच्यासह लिहिलेला या विषयावरील लेख २००९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात आला.

औषधे तीन प्रकारांची असतात. सालब्युटामॉल, फॉर्मोटेरॉल, साल्मेटेरॉल ही श्वासनलिकांचे स्नायू सैल करतात. इप्राट्रोपियम, टायोट्रोपियम, ग्लायकोपायरोनियम हे दुसऱ्या मार्गाने तेच काम करतात. बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन ही स्टेरॉइडे सूज उतरवितात. ती फुप्फुसात पोहोचविण्याचे मार्गही तीन आहेत. दाब दिल्यावर मोजका फवारा देणारा पंप १९५६ मध्ये अमेरिकेतील रायकर प्रयोगशाळेने प्रथम बाजारात आणला. भारतात मुंबईच्या सिप्ला कंपनीने १९७६ मध्ये दम्यासाठी फवारारूपातील औषधे आणली. कॅप्सूल फोडून तिच्यातील कोरडी भुकटी ओढण्याचे साधन हा दुसरा मार्ग. महाराष्ट्रातील रुग्ण या कॅप्सूलला व्यापारी नावावरून सर्रास रोटाकॅप म्हणतात. तिसरा मार्ग नेब्युलायझरचा. त्याला बोलीत 'वाफ देणे' म्हणतात, जरी त्यात वाफ नसून औषधी द्रावणाचे थंड तुषार असतात. हा भेद देयकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एकच सालब्युटामॉल पंपातून दिल्यास एका नियमाखाली येते आणि नेब्युलायझरमधून दिल्यास दुसऱ्या, हे पुढे दिसेल.

निदानाचे संकेतांक

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, श्वसनसंस्थेचे रोग 'जे' या अक्षराखाली आहेत. जे४१ व जे४२ हे दीर्घकालीन ब्राँकायटिसचे, जे४३ एम्फिसीमाचा, जे४४ इतर सीओपीडीचा, जे४५ दम्याचा, जे४६ न थांबणाऱ्या तीव्र दम्याचा आणि जे४७ ब्राँकिएक्टॅसिसचा संकेतांक आहे. जे४४ चे उपविभाग देयकात सर्वाधिक वापरले जातात: खालच्या श्वसनमार्गातील तीव्र जंतुसंसर्गासह असल्यास जे४४.०, रोगाने उचल खाल्ली असल्यास जे४४.१, आणि तपशील नसल्यास जे४४.९. अमेरिकेने स्वतःसाठी केलेल्या रूपांतरात जे४६ हा विभागच नाही. तेथे तीव्र दमा जे४५ च्या उपविभागांत नोंदला जातो. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत सीओपीडीचा संकेतांक सीए२२ आणि दम्याचा सीए२३ असा आहे.

मराठी भाषिक प्रदेशात निदानसंकेताची पहिली अडचण भाषेचीच आहे. बोलीभाषेत 'दमा' हा शब्द धाप लागणाऱ्या जवळपास प्रत्येक आजाराला लावला जातो. मालवणीत 'दम लागता' असे सांगणाऱ्या साठीच्या मच्छिमाराला दमा असेल, सीओपीडी असेल किंवा हृदयविकारही असेल. केसपेपरवर नुसते 'दमा' लिहिले गेले तर नोंद जे४५ खाली जाते, आणि सीओपीडीचा रुग्ण आकडेवारीतून नाहीसा होतो. दोन्हींतील फरक ठरविणारी चाचणी म्हणजे स्पायरोमेट्री: श्वासनलिका मोकळी करणारे औषध देण्यापूर्वी व दिल्यानंतर जोराने सोडलेल्या श्वासाचे मापन. ती न करता घातलेला संकेतांक हा अंदाज असतो.

जेथे धूळ व्यवसायातून येते तेथे चुकीच्या संकेतांकाची किंमत अधिक असते. कणकवली तालुक्यातील कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. सिलिकायुक्त धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसचा आयसीडी-१० मधील विभाग जे६२ हा आहे, आणि कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या तिसऱ्या अनुसूचीत हा रोग व्यवसायजन्य म्हणून गणला होता. अशा कामगाराची नोंद केवळ जे४४ म्हणून झाल्यास त्याच्या पंपात फारसा फरक पडत नाही, पण भरपाईच्या दाव्याचा कागदोपत्री आधार निसटतो.

औषधांचे संकेतांक

औषधांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे एटीसी प्रणालीत, श्वासनलिकेच्या अडथळ्यावरील औषधांचा गट आर०३ हा आहे. ही प्रणाली नॉर्वेतील ओस्लो येथील जागतिक आरोग्य संघटनेचे सहयोगी केंद्र सांभाळते. श्वासावाटे घ्यावयाचे सालब्युटामॉल आर०३एसी०२, इप्राट्रोपियम आर०३बीबी०१, टायोट्रोपियम आर०३बीबी०४, बुडेसोनाइड आर०३बीए०२, तर फॉर्मोटेरॉल व बुडेसोनाइड यांचे मिश्रण आर०३एके०७ या संकेतांकाने ओळखले जाते. सालब्युटामॉलची गोळी मात्र आर०३सीसी०२ मध्ये येते. औषध तेच, मार्ग वेगळा, म्हणून संकेतांक वेगळा.

एटीसीसोबत प्रत्येक औषधाची 'परिभाषित दैनिक मात्रा' ठरविलेली असते. ती वापर मोजण्याचे माप आहे, डॉक्टरांनी द्यावयाची मात्रा नव्हे. फवाऱ्यातील सालब्युटामॉलची अशी मात्रा ०.८ मिलिग्रॅम आहे. १०० मायक्रोग्रॅमचा एक फवारा धरल्यास हे आठ फवारे होतात, आणि २०० फवाऱ्यांचा एक पंप पंचवीस दैनिक मात्रांचा ठरतो. नेब्युलायझरच्या द्रावणासाठी मात्र हीच मात्रा १० मिलिग्रॅम, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या चार नळ्या, आहे. पंप आणि नळ्यांचा साठा मिलिग्रॅममध्ये एकत्र करून बेरीज केली, तर नळ्यांचा वापर बारापटींहून अधिक फुगलेला दिसतो. टायोट्रोपियमच्या भुकटीत आणखी एक खोच आहे. कॅप्सूलवर १८ मायक्रोग्रॅम छापलेले असते, पण दैनिक मात्रा १० मायक्रोग्रॅम आहे, कारण ती साधनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या औषधावर ठरविली आहे. एक कॅप्सूल म्हणजे एक दैनिक मात्रा. छापील आकडा भागून आलेली १.८ मात्रा चुकीची असते.

अमेरिकेतील पद्धत

'देयक-संकेतांक' हा शब्द ज्या व्यवस्थेमुळे रूढ झाला ती अमेरिकेची आहे. तेथील ज्येष्ठ नागरिकांच्या मेडिकेअर विम्यात नेब्युलायझर हे टिकाऊ वैद्यकीय उपकरण मानले जाते, आणि त्यातून दिले जाणारे औषध त्या उपकरणाच्या जोडीने 'भाग ब' खाली येते. वजावटीची रक्कम भरून झाल्यावर मंजूर दराच्या ८० टक्के विमा देतो. हातातला पंप मात्र 'भाग ड' खाली येतो आणि त्याच्या देयकावर औषधाच्या वेष्टनाचा राष्ट्रीय औषध क्रमांक लागतो. म्हणून पुढील संकेतांक केवळ नेब्युलायझरच्या औषधांचे आहेत.

सालब्युटामॉलला अमेरिकेत अल्ब्युटेरॉल म्हणतात. त्याच्या एकमात्रा नळीचा संकेतांक जे७६१३ असून एकक १ मिलिग्रॅम आहे. संहत द्रावणाचा जे७६११. अडीच मिलिग्रॅमपर्यंत अल्ब्युटेरॉल व अर्धा मिलिग्रॅमपर्यंत इप्राट्रोपियम यांच्या मिश्रणाचा जे७६२०, बुडेसोनाइडच्या एकमात्रा नळीचा जे७६२६ आणि यंत्राचा ई०५७० असा आहे. रुग्णाला साधन कसे वापरायचे ते दाखविण्यालाही ९४६६४ हा सेवासंकेतांक आहे, आणि तीव्र अडथळ्यात दवाखान्यात दिलेल्या फवाऱ्याला ९४६४०. हे पाच अंकी सेवासंकेतांक अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मालकीचे आहेत व ते वापरण्यास परवाना लागतो. 'जे' व 'ई'चे संकेतांक मेडिकेअर चालविणारी सरकारी यंत्रणा काढते.

येथील 'जे' आणि रोगवर्गीकरणातील 'जे' यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. जे४४ हा रोग आहे, जे७६२० हे औषध. एकाच देयकावर दोन्ही येतात व नवख्या कारकुनाचा त्यात गोंधळ उडतो. त्याहून महाग पडते ती एककांची चूक. जे७६१३ चे एकक एक मिलिग्रॅम असल्याने अडीच मिलिग्रॅमच्या १२० नळ्या म्हणजे ३०० एकके. जे७६२० मध्ये एक नळी म्हणजेच एक एकक, म्हणजे १२० नळ्यांची १२० एकके. पहिल्या संकेतांकापुढे नळ्यांची संख्या लिहिली तर दुकानदाराला निम्म्याहून कमी पैसे मिळतात. दुसऱ्यापुढे मिलिग्रॅम लिहिले तर ते जादा आकारणीचे प्रकरण होते. नळीवर ३ मिलिग्रॅम छापलेले असते तेव्हा तो आकडा अल्ब्युटेरॉल सल्फेट या क्षाराचा असतो. मूळ औषध अडीच मिलिग्रॅमच असते.

अमेरिकेत मुलांकडे काही महिन्यांसाठी जाणाऱ्या कोकणातील वडीलधाऱ्यांना या व्यवस्थेचा लाभ मिळत नाही. पाहुण्यांना मेडिकेअर नाही, आणि कायम निवासाचा परवाना मिळालेल्या ज्येष्ठांनाही सामान्यतः सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतरच ते विकत घेता येते. भारतात प्रचलित असलेली लेव्होसालब्युटामॉल व इप्राट्रोपियम यांच्या मिश्रणाची नळी जे७६२० मध्ये बसत नाही, कारण तो संकेतांक अल्ब्युटेरॉलच्या मिश्रणाचा आहे. औषधाच्या चिठ्ठीवर व्यापारी नावाऐवजी मूळ नाव लिहून घेतल्यास तेथील डॉक्टरांना पर्याय निवडता येतो.

भारतातील किंमत व कर

भारतात श्वासावाटे घ्यावयाच्या औषधाला लागणारे क्रमांक बहुतांशी किंमत आणि कर यांसाठी आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ३८४ औषधे असून त्यांत सालब्युटामॉल, इप्राट्रोपियम, टायोट्रोपियम, बुडेसोनाइड आणि बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल मिश्रण यांची श्वासावाटे घ्यावयाची रूपे आहेत. यादीतील औषधांची कमाल किंमत औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ठरविते. ती पंपावर नव्हे तर एका मोजक्या फवाऱ्यावर, एका कॅप्सूलवर किंवा द्रावणाच्या एका मिलिलिटरवर लावली जाते. तीन औषधे एकत्र असलेले पंप या यादीत नाहीत. प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आठ औषधांची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढविली. त्यांत सालब्युटामॉलच्या गोळ्या आणि नेब्युलायझरचे ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावण होते. उत्पादनखर्च न परवडल्याने औषध बाजारातूनच नाहीसे होऊ नये, असे कारण त्यासाठी देण्यात आले.

कराच्या वर्गवारीत औषध ३००४ या शीर्षाखाली आणि नेब्युलायझरचे यंत्र ९०१९ या शीर्षाखाली येते. जुलै २०१७ पासून बहुतेक औषधांवर १२ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला. औषधाच्या दुकानातील पावतीवर ३००४ हा आकडा दिसतो, पण त्यावरून औषध कोणते किंवा रोग कोणता हे कळत नाही. खोकल्याच्या बाटलीलाही तोच असतो.

शासकीय योजनांतील संकेतांक

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्या आठांत सिंधुदुर्ग नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना सर्व जिल्ह्यांत लागू झाल्यावर तो आला. सन २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाले आणि १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी जोडून राबविली जाऊ लागली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबामागील संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपयांवर नेण्यात आले, उपचारांची संख्या १,३५६ झाली आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट जाऊन राज्यातील सर्व अधिवासी कुटुंबे पात्र ठरली.

दोन्ही योजनांत देयकाचे एकक 'पॅकेज' हे आहे. केंद्रीय योजनेच्या पॅकेजांत सामान्य वैद्यकशास्त्राचे संकेतांक 'एमजी'ने, बालरोगांचे 'एमपी'ने, सामान्य शस्त्रक्रियेचे 'एसजी'ने सुरू होतात. शस्त्रक्रियेला ठोक रक्कम मिळते. औषधोपचाराच्या आजारांना, आणि सीओपीडीची तीव्र उचल त्यांतच येते, दर दिवसाचा दर मिळतो. सन २०१९ च्या सुधारित आवृत्तीत तो साध्या कक्षासाठी १,८०० रुपये, अधिक देखरेखीच्या कक्षासाठी २,७०० रुपये, अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वसनयंत्राविना ३,६०० आणि यंत्रासह ४,५०० रुपये होता. पुढे २०२२ मध्ये दर वाढविण्यात आले. या रकमेत खाट, तपासण्या, प्राणवायू आणि नेब्युलायझरची सर्व औषधे आली. दिवसातून चार वेळा फवारा दिला काय किंवा दहा वेळा, देयकात फरक पडत नाही. अमेरिकन पद्धतीतील जादा एककांचा मोह येथे नाही. उलट औषध कमी वापरले तर रुग्णालयाचे वाचते. पॅकेजपद्धतीवरील ही टीका जगभर होते आणि ती निराधार नाही.

घरी सोडल्यावर काय, हा प्रश्न या रोगात सर्वांत महत्त्वाचा आहे. केंद्रीय योजनेत दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांतील तपासण्या व औषधे समाविष्ट आहेत; राजीव गांधी योजनेच्या मूळ रचनेत नंतरची मुदत दहा दिवसांची होती. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा १२० फवाऱ्यांचा पंप दिवसातून दोनदा दोन फवारे या हिशेबाने तीस दिवस चालतो. म्हणजे योजनेची मुदत संपते तेव्हा पंप अर्धा भरलेला असतो. सोळाव्या दिवसापासून रोग तोच राहतो, औषध तेच राहते, पण ते कोणत्याही पॅकेजात नसते. बाह्यरुग्ण उपचार या योजनांच्या कक्षेत नाहीत.

खासगी आरोग्य विम्यातही चित्र फार वेगळे नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या ज्या प्रमाणित यादीतील वस्तूंचा खर्च विमाकंपनीने देणे ऐच्छिक आहे, तीत नेब्युलायझर संच, स्पेसर, स्पायरोमीटर, वाफ घेण्याचे साधन आणि रुग्णालयाबाहेर वापरावयाचा प्राणवायूचा सिलिंडर यांची नावे एकापाठोपाठ एक येतात. दीर्घकालीन फुप्फुसविकाराच्या रुग्णाला घरी लागणाऱ्या साधनांचीच जणू ती यादी आहे. पॉलिसी घेण्यापूर्वीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ च्या नियमांनी जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला. त्यापूर्वी तो ४८ महिन्यांपर्यंत असे.

देवगड तालुक्यातील स्थिती

देवगड हा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील किनारी तालुका हापूस आंबा आणि मासेमारीचे बंदर यांसाठी ओळखला जातो. हवा वर्षभर दमट असते. लाकूडफाट्याच्या चुली, चिरेखाणींतील धूळ, बोटींच्या डिझेल इंजिनांचा धूर आणि मोहोराच्या दिवसांतील बागांची फवारणी हे श्वसनाचा त्रास असलेल्यांना जाचक ठरणारे येथील परिचित घटक आहेत. कोकण रेल्वे तालुक्याच्या किनारपट्टीपासून दूर, पूर्वेकडून जाते. महामार्ग गाठण्यासाठीही नांदगावपर्यंत यावे लागते.

सरकारी उपचारांची उतरंड प्राथमिक आरोग्य केंद्र, देवगड येथील ग्रामीण रुग्णालय, कणकवलीचे उपजिल्हा रुग्णालय आणि ओरोस येथील जिल्हा रुग्णालय अशी आहे. ओरोस येथे २०२१ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह सर्व तपासण्या व उपचार विनामूल्य आहेत. या टप्प्यावर रुग्णाच्या दृष्टीने देयक-संकेतांकाचा प्रश्नच उरत नाही, कारण देयक नसते; नेब्युलायझर लावला जातो, त्याची नोंद नोंदवहीत होते. तेथे महत्त्वाचा असतो तो साठ्याच्या संगणकीय प्रणालीतील औषधाचा क्रमांक. ई-औषधी नावाची ही प्रणाली प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, विकसित केली आहे. खरेदी पूर्वी हाफकिन महामंडळामार्फत होत असे. २०२३ च्या कायद्याने त्यासाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. मागणीपत्रात नेब्युलायझरच्या नळ्या असतील आणि पंप नसतील, तर रुग्णाला आणीबाणीत वाफ मिळते, पण घरी नेण्यासाठी काही मिळत नाही. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, २०२३ च्या नव्या नावानिशी व मार्गदर्शक सूचनांनिशी, सीओपीडी व दमा यांचा समावेश आहे. त्यामुळे मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्यांप्रमाणे पंपही दरमहा प्राथमिक केंद्रातून देता येणे तत्त्वतः शक्य आहे.

योजनेतील पॅकेजासाठी संलग्न रुग्णालय लागते. तेथे योजनेच्या खिडकीवरील आरोग्यमित्र शिधापत्रिका व ओळखपत्र तपासून नोंदणी करतो. त्यानंतर रुग्णालय पूर्वमंजुरी मागते. या अर्जात निदान 'दमा' आणि सोबतच्या कागदांत 'सीओपीडी' असेल, किंवा रक्तातील वायूंच्या तपासणीचा अहवाल नसताना श्वसन निकामी झाल्याचे पॅकेज मागितले असेल, तर प्रकरण शंका काढून परत येऊ शकते. जुने केसपेपर आणि क्ष-किरण चित्रे एका पिशवीत जपून ठेवण्याची कोकणातील वृद्धांची सवय अशा वेळी कामी येते.

सिंधुदुर्गातील गंभीर रुग्ण अनेक वर्षे गोव्यातील बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले जात आहेत. जानेवारी २०१८ पासून त्या रुग्णालयाने गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क आकारण्यास सुरुवात केली. सिंधुदुर्गात त्याविरुद्ध आंदोलन झाले आणि महाराष्ट्राच्या योजनेतून हा खर्च भागविण्याचा विषय पुढे आला. गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची पॅकेजे आणि महाराष्ट्राची पॅकेजे वेगळी आहेत. एकाच आजाराला पत्रादेवीच्या अलीकडे एक संकेतांक व पलीकडे दुसरा लागतो. संकेतांकांच्या एकरूपतेची गरज सीमेवरच्या जिल्ह्याला इतरांपेक्षा आधी जाणवते, ती यामुळे.

एकरूपतेचे प्रयत्न

केंद्र शासनाने २०१३ मध्ये व सुधारून २०१६ मध्ये इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके जाहीर केली. त्यांत निदानासाठी आयसीडी-१० आणि वैद्यकीय संज्ञांसाठी स्नोमेड सीटी ही संज्ञाप्रणाली सुचविली आहे. स्नोमेडमध्ये सीओपीडीचा क्रमांक १३६४५००५ आणि दम्याचा १९५९६७००१ आहे. या मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्यात सी-डॅक येथे आहे. भारतीय बाजारातील औषधांना स्नोमेडशी जोडणारे 'कॉमन ड्रग कोड्स फॉर इंडिया' हे संकेतांकही तेथूनच प्रसिद्ध होतात. लेव्होसालब्युटामॉलच्या मिश्रणासारख्या, परदेशी यादीत न सापडणाऱ्या औषधांना त्यामुळे प्रथमच स्थिर क्रमांक मिळतात.

प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या २०२२ च्या पॅकेजयादीत उपचारांची संख्या १,९४९ झाली आणि निदानासाठी आयसीडी-११ स्वीकारण्यात आले. निदानावर आधारित गटांनुसार रक्कम देण्याच्या प्रयोगासाठी ज्या पाच राज्यांची नावे त्या वेळी जाहीर झाली, त्यांत छत्तीसगड, हरियाणा, केरळ व मेघालयासह महाराष्ट्र होता. या पद्धतीत सहव्याधींनुसार रक्कम बदलते, म्हणून जे४४.० व जे४४.१ यांतील फरक रुग्णालयाच्या उत्पन्नाशी थेट जोडला जातो. हे गटही दाखल रुग्णांसाठीच आहेत. बाह्यरुग्ण विभागात लिहून दिलेल्या पंपासाठी त्यांत रकाना नाही.